दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी एकाच कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. कोटाच्या मालकाला हे कळण्याआधी मास्तरांच्या बायकोला कळलं, कारण शिवणाच्या दुकानात काज-बटणाचं काम तिच्याकडे होतं. मनगटाची बटणं लावायला तिने एक बाही घेतली, मग दुसरी घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिली. जुळ्या बहिणींसारख्या दोघी एकाच बाजूला वाकल्या होत्या.

"अहो, या गिऱ्हाइकाला उजवा हात नाही का?" तिने विचारलं.

"आहे की! का गं?"

"तुमच्या हिशेबी तरी नाही."

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि बाह्या पाहिल्या. मग ते स्टुलावर बसले. बेचाळीस वर्षांत त्यांनी कुणाचा खिसा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. दुकानाला नाव होतं, पण ते कुणाच्या लक्षात नसे. कापड हातात घेऊन 'मास्तर कुठे बसतात' एवढं विचारलं की लोक थेट त्यांच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडत. आणि आता दोन डाव्या बाह्या!

बरं, हे काही अचानक आभाळातून पडलं नव्हतं. गेले चार महिने मास्तरांचं काहीतरी बिनसलेलं होतं. सुईत दोरा ओवताना दोरा एकीकडे जाई, सुई दुसरीकडे. भर दुपारी डोळे मिटत. मागच्याच महिन्यात मशीनवर बसल्या-बसल्या त्यांना डुलकी लागली, पाय मात्र पायट्यावर चालूच राहिला आणि जागे झाले तेव्हा एका भल्या माणसाची पँट खिडकीच्या पडद्याला अगदी सफाईने जोडलेली होती. टाके एकसारखे पडले होते हे खरं, पण गिऱ्हाइकाने त्याचं कौतुक केलं नाही. खाली वाकून उठले की डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला कोरड आणि पायांत गोळे. मास्तरांनी याचं निदान एका शब्दात करून टाकलं होतं. म्हातारपण.

परगावी राहणारी त्यांची मुलगी रोज फोनवर तेच म्हणे. "बाबा, बास आता. दुकान बंद करा आणि इकडे या. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे." ती खोली मास्तरांना नको होती. दिवसभर रिकाम्या खोलीत बसून करायचं काय? पण पडद्याच्या प्रकरणानंतर त्यांनी तिला शब्द देऊन टाकला होता, "हातात आहे तो कोट नीट बसला तर दुकान चालू. नाही बसला तर कात्री ठेवली खाली. मग तू सांगशील तसं."

हातातला कोट म्हणजे हाच, दोन डाव्यांचा. उरलेल्या कापडात जेमतेम एक बाही निघत होती. म्हणजे चुकायची मुभा संपली होती.

कोट होता चौकातल्या केमिस्टचा. हे गृहस्थ औषधांच्या बाबतीत भलतेच काटेकोर. गिऱ्हाईक खोकल्याची बाटली मागायला आलं तरी आधी दहा प्रश्न विचारत आणि मग बाटली देत. त्यांच्या धंद्यातल्या संघटनेने त्यांना यंदाचा 'दक्ष औषधविक्रेता' ठरवलं होतं आणि तीन आठवड्यांनी सत्कार होता. सत्काराला उत्तर म्हणून भाषण होतं आणि भाषणासाठी कोट. भाषणाचा विषय होता, 'एकमेकांशी भांडणारी औषधे'. कोटाच्या पहिल्या ट्रायलला ते भाषणाचे कागद घेऊनच आले.

"मास्तर, तुमचं काम चालू द्या. तेवढ्यात मी जरा भाषण म्हणून बघतो."

मास्तरांच्या तोंडात पिना होत्या. त्यांनी मान हलवली. नवी उजवी बाही त्यांनी दोन दिवस खपून कापली होती आणि कच्च्या टाक्यांनी कोटाला जोडली होती. बायको मागून श्वास रोखून पाहत होती.

केमिस्ट आरशाला उद्देशून म्हणाले, "सभ्य स्त्री-पुरुषहो! प्रत्येक औषध एकटं असताना सज्जन असतं. पण दोन सज्जन एका घरात राहायला आले की भांड्याला भांडं लागतं. एक गोळी रक्तदाब वाढवते, दुसरी तो खाली ओढते. आणि मध्ये सापडतो तो बिचारा रोगी!"

"हं," मास्तर पिनांमधून म्हणाले. कोटाचा घेर बघायला ते गुडघ्यांवर बसले.

"आणि म्हणून मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची इत्थंभूत माहिती ठेवतो! माझ्या गल्लीत एकही माणूस असा नाही, की जो..."

मास्तर उठले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आधाराला म्हणून त्यांनी हाताला लागेल ते धरलं. हाताला लागली नवी बाही. कच्चा टाका तो कच्चाच. बाही फर्रकन सुटली आणि मास्तर बाहीसकट जमिनीवर बसले.

"...की जो माझ्या नजरेतून सुटला आहे!" केमिस्ट आरशात एक हात उंचावून म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की उंचावलेल्या हाताला बाही नाही.

"पिना! आधी तोंडातल्या पिना काढा!" बायको धावली. तिने मास्तरांच्या तोंडाखाली पदर धरला आणि एकेक करून पिना मोजून घेतल्या. सहा घातल्या होत्या, सहा निघाल्या. मग ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. आतापर्यंत ती थट्टा करत होती ती भीती लपवायला, हे तेव्हा मास्तरांना कळलं.

केमिस्टनी मास्तरांना आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवले आणि नाडी धरली. "मास्तर, आज काय काय घेतलंत?"

"काही नाही. दोन कप चहा."

"गोळ्या विचारतोय मी."

"त्या काय, नेहमीच्याच."

"नेहमीची तर तुमची एकच. गुडघ्याची. ती माझ्याकडूनच जाते."

यावर नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. शाळेत वही न आणलेली पोरं बघतात तसं. मग बायको उठली आणि बटणांचा खणांचा डबा घेऊन आली. वरच्या चार खणांत बटणं होती. खालच्या सहांत गोळ्या. रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे, व्यवस्थित लावलेल्या.

"परवा यातलंच एक बटण मी शर्टाला लावायला घेतलं," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, हे कसलं बटण, याला भोकंच नाहीत!"

केमिस्ट डब्याकडे बघतच राहिले. त्यांचं भाषण कागदावरून उठून त्या डब्यात येऊन बसलं होतं. "या सगळ्या कुणाच्या?"

"माझ्याच."

"दिल्या कुणी?"

"चौघांनी. गुडघेवाले डॉक्टर, रक्तदाबवाले, खाजवाले आणि..." मास्तरांनी बायकोकडे बघून आवाज खाली आणला, "लघवीवाले."

"आणि या चौघांना एकमेकांचं माहीत आहे?"

"छे छे! असं कसं सांगणार?" मास्तर झटक्यात उठून बसायला गेले आणि केमिस्टनी त्यांना पुन्हा आडवं केलं. "अहो, काही रीतभात आहे की नाही? कोट माझ्याकडे आणि पँट दुसऱ्याकडे शिवणारं गिऱ्हाईक कधी मला येऊन सांगतं का, की मी त्याच्याकडेही जातो म्हणून? सांगितलं तर अपमान होतो! गुडघेवाले एवढे मोठे डॉक्टर. त्यांना सांगू, की माझा विश्वास तुमच्यावर आहे, पण रक्तदाबापुरता दुसऱ्यावर आहे?"

आता मास्तरांचं हे शास्त्र वेडगळ होतं, पण त्यात वाईट काही नव्हतं. बेचाळीस वर्षं ते धंद्यात जे पाळत आले तेच त्यांनी दवाखान्यात पाळलं. प्रत्येक डॉक्टरने 'आणखी काही घेता का' असं विचारलं होतं आणि प्रत्येकाला मास्तरांनी हात जोडून 'नाही, फक्त तुमचंच' असं उत्तर दिलं होतं. प्रत्येक जण खूश झाला होता. आणि अपमान दवाखान्याखालच्या केमिस्टांचाही होऊ नये म्हणून गुडघा सोडून बाकी तिघांच्या गोळ्या मास्तर त्या-त्या दवाखान्याखालच्या दुकानातून घेत.

"आणखी तीन दुकानांतून!" केमिस्टना हे फार लागलं. "मी समोर चौकात बसलोय, मास्तर. दक्ष म्हणून माझा सत्कार आहे, आणि तुम्ही... काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा!"

मग ते कामाला लागले. नुसत्या रंगावरून गोळी सांगायला मी काही रंगारी नाही, असं म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागितल्या. त्या मशीनच्या चार वेगवेगळ्या खणांत होत्या. एकमेकींना दिसू नयेत म्हणून. भाषणाचा कागद उलटा करून त्यांनी त्याच्या पाठीवर यादी सुरू केली. प्रत्येक गोळी, कधीपासून, कशासाठी. लिहिता लिहिता त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"मास्तर, पहिली कोणती सुरू झाली?"

"गुडघ्याची. आणि ती पोटाला बाधू नये म्हणून सोबत एक."

"त्यानंतर रक्तदाब वाढला?"

"महिन्याभरात. आणि पाय सुजले."

"वाढणारच. दुखणं मारणाऱ्या या गोळीने काहींचा रक्तदाब वाढतो, पायांत पाणी धरतं. रक्तदाबवाल्यांना तुम्ही ही गोळी सांगितली नाहीत, म्हणून त्यांनी रक्तदाबाची दिली आणि सुजेसाठी पाणी काढणारी दिली. या तिघी एका घरात आल्या, की पहिला मार मूत्रपिंडांना." केमिस्ट आता आरशाशी बोलत नव्हते. "मग खाज?"

"अंगावर पुरळ उठलं. खाजवाल्यांनी ही पिवळी दिली."

"हिने झोप येते. तोंड सुकतं. आणि तुमच्या वयात लघवी अडते."

"मग मी लघवीवाल्यांकडे..."

"आणि त्यांनी दिलेल्या गोळीने उभं राहताना रक्तदाब खाली येतो. आधीच्या दोन गोळ्या तेच काम करताहेत. तिघींनी मिळून तुम्हाला खाली बसवलं, मास्तर. एका भोकाला ठिगळ लावलं, त्याच्या टाक्याने शेजारी भोक पाडलं. चार ठिगळं झाली, मूळ कापड कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही!"

ही भाषा मास्तरांना कळली होती.

"झालं ना सगळं? आणखी काही? मलम, पावडर, कुणी सांगितलेलं, जाहिरातीत बघितलेलं? सगळं लिहायचं."

"नाही, बाकी काही नाही," मास्तर म्हणाले.

मागून एक बारीकसा आवाज आला. "मी त्यांच्या रात्रीच्या दुधात चूर्ण घालते."

"कसलं चूर्ण?" दोघांनी एकदम विचारलं.

"पोट साफ होण्याचं. कुरकुर करत होते सारखे. सांगितलं असतं तर घेतलं नसतं."

"अगं, म्हणजे सकाळी मला जी पळापळ होते, ती..."

"तेही लिहा," केमिस्टनी स्वतःलाच बजावून लिहिलं. "पाणी काढणारी गोळी एकीकडून, चूर्ण दुसरीकडून. अंगातलं मीठ-पाणी गेलं की पायांत गोळे येणारच. वहिनी, तुम्ही पाचव्या डॉक्टर."

बायकोने पदर तोंडाला लावला. हसावं की रडावं ते तिला कळेना.

"मग आजपासून सगळंच बंद करतो!" मास्तर डब्याकडे हात नेत म्हणाले.

"खबरदार! आपल्या मनाने घ्यायचं नाही तसं आपल्या मनाने सोडायचंही नाही. रक्तदाबाची गोळी एकदम सोडलीत तर दुसरंच काही होऊन बसेल. उठा. माझा हात धरून, सावकाश."

अशा रीतीने भर बाजारातून एक मिरवणूक निघाली. मध्ये मास्तर, एका बाजूला बटणांचा डबा घेतलेली बायको आणि दुसऱ्या बाजूला एका बाहीचा कोट घातलेले केमिस्ट. मिरवणूक गल्लीच्या टोकाला डॉक्टरीणबाईंकडे गेली. मुलीच्या लहानपणी सगळं घर त्यांच्याकडेच जाई. पुढे मोठमोठे डॉक्टर मिळाले आणि बाई मागे पडल्या. मास्तरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण बाईंनी फक्त यादी मागितली. त्यांनी मास्तरांचा रक्तदाब झोपवून मोजला आणि मग उभं करून मोजला. दोन आकड्यांतली तफावत पाहून त्यांनी लगेच रक्त काढून तपासायला पाठवलं आणि चौघा डॉक्टरांना स्वतः फोन लावले.

मास्तर बाकावर कान टवकारून बसले होते. आता चार मोठ्या माणसांचा अपमान होणार! पण एकही डॉक्टर चिडला नाही. चौघांनी एकच वाक्य म्हटलं, जणू एकमेकांना विचारूनच, "मग त्यांनी मला आधी का नाही सांगितलं?"

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. "मूत्रपिंडं कुरकुरायला लागलीत," बाई म्हणाल्या. "अजून संपावर गेलेली नाहीत. आणखी दोन महिने असेच काढले असते तर मात्र कठीण होतं. हे तुमचं म्हातारपण नाही हो मास्तर. ही तुमची भिडस्तपणाची शिक्षा आहे."

म्हातारपण नाही! मास्तरांनी ते वाक्य बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बाईंनी त्याच दिवशी गुडघ्याची गोळी आणि चूर्ण बंद केलं. बाकीच्या एकेक करून, तपासत तपासत कमी केल्या. गुडघ्याला व्यायाम शिकवला, खाजेला नुसतं मलम दिलं. पिवळी गोळी गेली तशी दुपारची झोप गेली आणि लघवीचा अडथळाही तिच्याबरोबर गेला. अडीच आठवड्यांनी डब्याच्या खालच्या खणांत दोनच गोळ्या उरल्या आणि त्याही आपापल्या पाकिटात. एका सकाळी मास्तरांनी सुई उजेडाकडे धरली आणि दोरा पहिल्या झटक्यात आरपार गेला. त्यांनी तो काढला आणि पुन्हा ओवला. पुन्हा गेला. बायको म्हणाली, "आता दिवसभर तेच करणार का?" पण तिचेही डोळे भरले होते.

बाही तीच होती, कापलेली नीटच होती. मास्तरांनी ती उसवलेल्या जागी नव्याने बसवली, कोट पुरा केला, इस्त्री केली आणि सत्काराच्या आदल्या दिवशी केमिस्ट शेवटच्या ट्रायलला आले. सत्काराला घालायची नवी पँटही ते घालूनच आले होते. दुकानाच्या कोपऱ्यात फोन उभा करून ठेवला होता आणि त्यातून मास्तरांची मुलगी पाहत होती. शब्द म्हणजे शब्द.

केमिस्टनी कोट चढवला. बाही छान पडली होती. खांदे तर जणू अंगावरच वाढलेले. पण पाठ फिरवली आणि सगळ्यांनी पाहिलं. कमरेच्या वर कोट उचलला गेला होता आणि एक आडवी, जाडजूड चुणी पडली होती.

मास्तरांनी कोट खाली ओढला. चुणी गेली आणि सोडल्याबरोबर परत आली. बटण काढून पाहिलं, लावून पाहिलं. चुणी हटेना. फोनमधून मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे. खोली तयारच आहे."

मास्तरांनी कात्री उचलली. खालीच ठेवायची तर स्वतःच्या हाताने ठेवू, म्हणून ते टेबलाकडे वळले. आणि थांबले. चार महिन्यांपूर्वीची त्यांची नजर परत आली होती आणि ती नजर कोटावर नव्हती. ती कोटाच्या खाली गेली होती. ते सरळ केमिस्टच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसले, पँटची कंबर दोन बोटांत धरून पाहिली आणि न चाचपडता, न डगमगता ताडकन उठून उभे राहिले.

"ही पँट कुणी शिवली?"

केमिस्ट आरशात बघून कोटाची कॉलर सारखी करू लागले.

"कंबर दोन बोटं वर आहे. मागच्या खिशांना झाकणं आणि त्यावर ही मोठाली बटणं. कोट चांगला आहे. पँटही तशी वाईट नाही. पण दोघं एकत्र आली, की ती त्याला खालून ढकलते. केमिस्टसाहेब, कुणी शिवली?"

"पलीकडच्या रस्त्यावरचे... ते दुसरे मास्तर आहेत ना..."

"कधीपासून?"

"आठ वर्षं." दक्ष औषधविक्रेत्यांची मान खाली गेली. "कोट तुमच्याकडे, पँट त्यांच्याकडे."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून!"

मग फोनमधून पहिल्यांदा हसू फुटलं, मग मागून बायकोला, आणि मग मास्तर असे हसले की त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. या वेळी अंधारीमुळे नव्हे.

"बाबा, मग ती खोली मी अभ्यासाला वापरते," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी फीत गळ्यात टाकली, मापांची वही उघडली आणि केमिस्टचं पान काढलं. "पँट काढून द्या. तासाभरात कंबर उतरवून देतो. पण आधी सांगा. शर्ट कुठे शिवता, पायजमा कुठे, सगळं. एका अंगाचं सगळं एकाच पानावर. लपवायचं काही नाही."

केमिस्टनी निमूटपणे सगळं सांगितलं. शर्ट तिसरीकडे होते, पायजमे चौथीकडे. मास्तर लिहीत गेले.

"झालं? आणखी काही?"

"नाही, बाकी काही नाही. बनियन तेवढे तयार आणतो."

काजाच्या कोपऱ्यातून बायकोने मान वर न करता म्हटलं, "तेही लिहा."